पॉलिसीवरचे कर्ज आणि एका व्यापाऱ्याचा विश्वास : जे. सी. पेनी यांचे जीवन

आपल्या बहुतेक घरांत कपाटाचा एक कप्पा कागदपत्रांसाठी राखलेला असतो. बाप्तिस्म्याचे दाखले, लग्नाचे प्रमाणपत्र, घराची कागदपत्रे आणि त्यांच्यासोबतच आयुर्विम्याची पॉलिसी. घरावर आर्थिक संकट कोसळले की आधी दागिने बाहेर पडतात, मग साठवलेली ठेव मोडली जाते आणि सर्वांत शेवटी हात त्या पॉलिसीकडे जातो. दिवाळे निघण्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मनुष्याला ती अखेरची शिदोरी वाटते. ती शिदोरी सोडावी की जपावी, हा प्रश्न हिशेबाचा तर आहेच, पण तो अंतःकरणाचाही आहे.

अमेरिकेतील ख्यातनाम व्यापारी जेम्स कॅश पेनी यांच्यापुढे एके काळी हाच प्रश्न उभा राहिला होता. त्यांचे चरित्र यशाची कथा म्हणून अनेकदा सांगितले जाते. आज आपण ते कर्जाच्या बाजूने वाचू या, कारण त्यांच्या आयुष्याचा खरा पालट यशाच्या दिवसांत झाला नाही, तर सारे गमावल्यानंतर झाला.

उपदेशकाचे घर

१६ सप्टेंबर १८७५ रोजी मिसुरी राज्यातील हॅमिल्टन गावाजवळच्या एका शेतावर जेम्सचा जन्म झाला. त्याच्या वडिलांचे नावही जेम्स कॅश पेनी असेच होते. ते पोटासाठी शेती करीत आणि बॅप्टिस्टांच्या एका जुन्या, कडक शिस्तीच्या पंथात उपदेशक म्हणून सेवा करीत. त्या सेवेचे वेतन त्यांना मिळत नसे. आई मेरी फ्रान्सिस हिच्या पोटी बारा मुले झाली, त्यांतील सहाच मोठी झाली.

जेम्स आठ वर्षांचा झाला तेव्हा वडिलांनी त्याला सांगितले की, यापुढे आपल्या कपड्यांचा खर्च त्याने स्वतः मिळवावा. मुलाने डुकरे पाळली. धंदा चांगला चालला, परंतु शेजाऱ्यांनी दुर्गंधीची तक्रार करताच वडिलांनी ती विकून टाकायला लावली. पुढे त्याने कलिंगडे पिकवली व जत्रेच्या दाराबाहेर उभे राहून तो ती विकू लागला. वडील आले आणि त्यांनी त्याला घरी नेले. आत बसलेल्या विक्रेत्यांनी जागेचे पैसे भरले होते. ते न भरता दारात त्यांचे गिऱ्हाईक वळवणे वडिलांना अन्यायाचे वाटले. आपल्या लाभासाठी शेजाऱ्याच्या वाट्याला हात लावू नये, हा धडा त्या मुलाला कोणत्याही प्रवचनातून मिळाला नसता इतक्या स्पष्टपणे मिळाला.

१८९५ मध्ये वडिलांच्या शब्दावरून जेम्स हॅमिल्टनमधील एका कापड दुकानात नोकरीस लागला. अकरा महिन्यांच्या कामाचे पंचवीस डॉलर, म्हणजे महिन्याला सव्वादोन डॉलरच्या आसपास पगार ठरला. त्याच वर्षी वडील प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. पुढे प्रकृती ढासळल्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्यावरून तो १८९७ मध्ये कोलोरॅडोच्या कोरड्या हवेत राहण्यास गेला.

तेथील लाँगमाँट गावी त्याने मांसविक्रीचे दुकान घेतले. गावातील हॉटेल हे त्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते. त्या हॉटेलच्या मुख्य आचाऱ्याला दर आठवड्याला व्हिस्कीची एक बाटली द्यावी, असा तेथील रिवाज होता. जेम्सने एकदा ती दिली, मग वडिलांची आठवण होऊन तो खजील झाला आणि पुन्हा दिली नाही. हॉटेलचे गिऱ्हाईक गेले, दुकानही गेले. पहिल्या धंद्यात असा तोटा सोसून तो पुन्हा नोकरीकडे वळला.

सुवर्ण नियमाचे दुकान

त्या भागात टॉम कॅलहन व गाय जॉन्सन या दोघा भागीदारांची कापडाची दुकाने होती. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात शिकवलेल्या सुवर्ण नियमावरून त्यांनी दुकानांना नाव दिले होते. जेम्स त्यांच्याकडे कामास लागला. १८९९ मध्ये त्याचा बर्टा हेस हिच्याशी विवाह झाला. भागीदारांना या तरुणाची सचोटी आवडली व त्यांनी नव्या दुकानात एक तृतीयांश हिस्सा देऊ केला. त्यासाठी दोन हजार डॉलर हवे होते. पाचशे त्याने साठवले होते, उरलेले दीड हजार त्याने कर्ज म्हणून घेतले.

१४ एप्रिल १९०२ रोजी वायोमिंग राज्यातील केमरर या खाणकामगारांच्या गावी ते दुकान उघडले. पहिल्या दिवशी पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत विक्री चालली आणि गल्ल्यात ४६६ डॉलर ५९ सेंट जमले. पतिपत्नी दुकानाच्या माळ्यावर राहत, मालाच्या रिकाम्या खोक्यांनी टेबलखुर्चीचे काम भागवीत.

त्या गावात उधारीवरच व्यवहार चाले. खाणकामगार खाण कंपनीच्या दुकानातून उधारीवर माल घेत आणि पगार हाती येण्याआधीच तो संपलेला असे. पेनी यांनी मात्र रोखीनेच विकायचे व सर्वांना एकच भाव लावायचा असे ठरवले. असे दुकान चालणार नाही, असे पुष्कळांना वाटले. पण रोखीमुळे भाव उतरला आणि मजुरांच्या घरांतून उधारीचे ओझे थोडे हलके झाले. वाचकहो, हे ध्यानात ठेवा. दुसऱ्यांना उधारीपासून दूर ठेवणारा हाच मनुष्य पुढे स्वतः कर्जात गळ्यापर्यंत बुडाला.

१९०७ मध्ये भागीदारांचे हिस्से तीस हजार डॉलरना विकत घेऊन ते मालक झाले. त्यांनी एक पद्धत घातली. दुकानाच्या व्यवस्थापकाने आपल्या हाताखाली दुसरा योग्य माणूस तयार करावा, म्हणजे त्याला पुढच्या दुकानात भागीदारी मिळे. नोकरांना ते सहकारी म्हणत. १९१३ मध्ये त्यांच्या नावाची कंपनी नोंदली गेली व १९२९ पर्यंत दुकानांची संख्या चौदाशेच्या घरात गेली.

घरात मात्र दुःखाने वारंवार प्रवेश केला. १९१० च्या डिसेंबरात बर्टा न्यूमोनियाने दगावली व दोन मुलगे आईवाचून राहिले. १९१९ मध्ये त्यांनी मेरी हॉर्टेन्स किंबॉल हिच्याशी विवाह केला. तीही १९२३ मध्ये एक लहान मुलगा मागे ठेवून गेली. १९२६ मध्ये कॅरोलिन ऑटेनरीथ त्यांच्या जीवनात आली, तिला दोन मुली झाल्या आणि तिने त्यांना अखेरपर्यंत साथ दिली. चांगुलपणाने वागणे पेनी यांना वडिलांकडून मिळाले होते. परंतु स्वतःला देवाच्या हाती सोपवणे ही वेगळी गोष्ट आहे, हे ते अजून शिकले नव्हते.

तारणावर केलेली दानधर्माची कामे

पैसा आला तसे त्यांनी तो सढळ हाताने वाटला. १९२५ मध्ये फ्लॉरिडा राज्यातील क्ले परगण्यात त्यांनी सुमारे एक लाख वीस हजार एकर जमीन घेतली आणि होतकरू शेतकऱ्यांची वसाहत उभारण्यास घेतली. तेथेच आईवडिलांच्या स्मरणार्थ त्यांनी निवृत्त उपदेशक व मिशनरी यांच्यासाठी घरे आणि प्रार्थनामंदिर बांधले. बिनवेतन सेवा करणाऱ्या उपदेशकाच्या मुलाला म्हाताऱ्या पाळकांच्या शेवटच्या दिवसांची काळजी वाटावी, यात नवल नाही.

परंतु या साऱ्यासाठी त्यांनी आपल्या कंपनीचे शेअर बँकांकडे तारण ठेवून मोठमोठी कर्जे काढली होती. शेअरचे भाव चढत होते, तोवर कोणालाच धोका दिसला नाही. कंपनीचे शेअर न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदले गेले ते २३ ऑक्टोबर १९२९ रोजी. दुसऱ्याच दिवशी बाजार कोसळू लागला. शेअर उतरले, तारण अपुरे पडू लागले, बँकांनी तगादा लावला आणि अखेर तारणाचे शेअर हातचे गेले. १९३० च्या डिसेंबरात मायामीतील सिटी नॅशनल बँक बुडाली. तिच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष पेनी होते. ठेवीदारांचा रोष व कोर्टकचेऱ्या त्यांच्या वाट्याला आल्या. फ्लॉरिडातील वसाहतीचा कारभारही आवरावा लागला.

कंपनी बुडाली नाही, दुकाने उघडीच राहिली. बुडाली ती पेनी यांची स्वतःची मत्ता. एका श्रीमंत मनुष्याजवळ जवळजवळ काहीच उरले नाही.

पॉलिसीला हात

या दिवसांत त्यांनी आपल्या आयुर्विम्याच्या पॉलिसींवर कर्ज काढले. सहकाऱ्यांचे पगार थांबू नयेत म्हणून ही रक्कम कामी आली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. अशी वेळ त्या काळी लाखो कुटुंबांवर आली होती. मंदीच्या वर्षांत अमेरिकेत पॉलिसीवर कर्ज मागणाऱ्यांची एवढी गर्दी झाली की, मार्च १९३३ मध्ये अनेक राज्यांनी अशा कर्जांवर काही काळ निर्बंध घातले.

पॉलिसीवरचे कर्ज म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. वर्षानुवर्षे हप्ते भरल्याने पॉलिसीत काही मूल्य साचते. त्याच्या ठरावीक भागापर्यंत विमा संस्था कर्ज देते. जामीन लागत नाही, तगादाही सहसा होत नाही, म्हणून हे कर्ज सोपे वाटते. परंतु व्याज चढत राहते. पॉलिसीधारकाचा मृत्यू झाला तर मुद्दल व व्याज वजा जाऊन उरेल तेच घरच्यांना मिळते. व्याजाने कर्ज फुगून साचलेल्या मूल्याच्या वर गेले तर पॉलिसीच बंद पडते. म्हणजे हे कर्ज सही करणारा काढतो, पण ते फेडण्याची पाळी बहुधा विधवेवर व लेकरांवर येते.

आयुर्विम्याच्या इतिहासात मंडळीचा एक वाटा आहे. १७४४ मध्ये स्कॉटलंडमधील रॉबर्ट वॉलेस व अलेक्झांडर वेबस्टर या दोन पाळकांनी मृत पाळकांच्या विधवा व मुले यांच्यासाठी हिशेबशीर पायावर निधी उभा केला. १७५९ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे प्रेसबिटेरियन पाळकांच्या कुटुंबांसाठी तशीच संस्था निघाली. विम्याचा पैसा हा मुळात मागे राहणाऱ्यांच्या भाकरीचा पैसा होता. पेनी यांनी त्याला हात लावला तेव्हा घरात कॅरोलिन होती, लहान मुले होती. दुसऱ्यांच्या घरची चूल पेटती राहावी म्हणून त्यांनी स्वतःच्या घरची उद्याची भाकर पणाला लावली. हे औदार्य होते, पण त्याची किंमत घरच्यांच्या सुरक्षिततेने मोजली जात होती.

इस्पितळातील रात्र आणि सकाळ

काळजीने त्यांची झोप उडाली. अंगावर नागीण उठली, मन खचले. पंचावन्न वर्षे उलटलेला हा व्यापारी मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथील आरोग्यधामात दाखल झाला. औषधाने गुण येईना. आपल्याला कोणी मित्र उरला नाही, घरचेही विन्मुख झाले आहेत, असे त्यांना वाटू लागले. एका रात्री त्यांना खात्री झाली की ही आपली शेवटची रात्र आहे. उठून त्यांनी पत्नीला व मुलाला निरोपाची पत्रे लिहिली आणि ते अंथरुणावर पडले.

सकाळी ते जिवंत जागे झाले. जिना उतरून जात असता प्रार्थनामंदिरातून गाण्याचा आवाज आला. देव आपल्या लेकरांची काळजी वाहतो, अशा आशयाचे ते गीत होते. सिव्हिला मार्टिन या बाईंनी ते १९०४ मध्ये रचले होते व त्यांच्या पतीने त्याला चाल दिली होती. पेनी आत जाऊन मागे बसले. शास्त्रवाचन झाले, प्रार्थना झाली. त्या थोड्या वेळात अंधाऱ्या कोठडीतून कोणी उजेडात आणावे तसे त्यांना झाले. आपल्या हातून आता काहीच होण्यासारखे नाही, हे त्यांनी प्रभूपुढे कबूल केले आणि आपला भार त्याच्यावर टाकला.

त्या सकाळी त्यांचे एक डॉलरचेही कर्ज फिटले नव्हते. बँका तशाच होत्या, खटले तसेच होते, पॉलिसीवरचे व्याज चढतच होते. पालटला होता तो मनुष्य. आजवर त्यांनी सुवर्ण नियम पाळला होता, पण तो स्वतःच्या बळावर. नियम देणाऱ्या प्रभूशी त्यांची खरी भेट सर्व बळ संपल्यावर झाली.

उरलेली चाळीस वर्षे

ते घरी परतले व कामाला लागले. पूर्वीची मालमत्ता उरली नव्हती, म्हणून कंपनीचा पगार स्वीकारून त्यांनी नव्याने आरंभ केला. वर्षामागून वर्षे खपून त्यांनी आपली घडी पुन्हा बसवली. १९४६ पर्यंत ते कंपनीचे अध्यक्ष होते व त्यानंतरही आयुष्याच्या अखेरपर्यंत संचालक मंडळावर राहिले. दुकानादुकानांतून हिंडून तरुण सहकाऱ्यांना ते काम शिकवीत. आयोवा राज्यातील एका दुकानात त्यांनी कमी कागदात व कमी दोऱ्यात पुडके नीट कसे बांधावे हे एका तरुणाला दाखवले. तो सॅम वॉल्टन पुढे स्वतः मोठा व्यापारी झाला. १९५० मध्ये पेनी यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. मंडळ्यांतून व सभांतून ते आपल्या पराभवाची साक्ष मोकळेपणाने देत असत.

१२ फेब्रुवारी १९७१ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, न्यूयॉर्क येथे त्यांनी देह ठेवला. त्यांच्या कंपनीने १५ मे २०२० रोजी महामारीच्या काळात दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले व त्याच वर्षाच्या अखेरीस ती नव्या मालकांकडे गेली. फ्लॉरिडातील निवृत्त सेवकांची ती वसाहत मात्र आजही नांदते आहे.

आपण काय घ्यावे

वाचकहो, पेनी यांच्यासारखे कोट्यवधींचे व्यवहार आपले नसतात. पण मुलीचे लग्न, आजारपण, बुडालेला धंदा, मित्रासाठी दिलेला जामीन यांपायी कर्जाच्या खाईत गेलेली कुटुंबे आपल्या मंडळ्यांत आहेत. मग ती पुण्यात असोत, नागपुरात असोत, की दिल्ली, बडोदे वा हैदराबाद येथे असोत. त्यांच्यासाठी या चरित्रात काही व्यवहाराच्या गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट, सत्कार्यही उसन्या पैशावर उभे करू नये. पेनी यांची दानधर्माची कामे चांगली होती, पण ती चढत्या भावाच्या भरवशावर उभी होती. जे खरोखर आपले आहे त्यातूनच दान द्यावे.

दुसरी गोष्ट, दिवाळे अटळ दिसत असेल तर पॉलिसीला हात लावण्यापूर्वी जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाने ऋणकोच्या आयुर्विम्याच्या रकमेला जप्तीपासून संरक्षण दिले आहे. पत्नी व मुले यांच्या हितासाठी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली घेतलेली पॉलिसी तर विश्वस्त निधीसारखी असते. धनकोंना फसवण्याच्या हेतूने हप्ते भरले नसतील, तर तिच्यावर त्यांचा हक्क पोहोचत नाही. घाबरून पॉलिसीवर कर्ज काढले की ही सुरक्षित शिदोरी रोख पैशात बदलते, आणि त्या पैशाला ते संरक्षण राहीलच असे नाही. पुष्कळदा तो पैसा एकाच सावकाराच्या एका महिन्याच्या व्याजात जिरून जातो. संकट टळत नाही आणि पॉलिसीही जाते.

तिसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. अर्ज करण्याआधी घाईने कर्ज काढून ते नातेवाइकांच्या नावे लपवणे, किंवा बाकीच्यांना वगळून एकाच आवडत्या धनकोला गुपचूप देऊन टाकणे, हे कायद्यालाही मान्य नाही. नादारीच्या अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत असे पक्षपाताने दिलेले पैसे न्यायालय परत आणू शकते. पेनी यांनी पॉलिसी पणाला लावली ती दुसऱ्यांचे देणे देण्यासाठी. त्यांच्या वडिलांनी जत्रेच्या दारात शिकवलेला धडा येथेही लागू पडतो. नादारीचा अर्ज हा कायद्याने दिलेला मार्ग आहे. तो उघडपणे, खरा हिशेब मांडून चालावा. त्यात पाप नाही. पाप लपवण्यात आहे.

आणि शेवटची गोष्ट. कर्जात बुडालेला मनुष्य एकटा पडतो. तो मंडळीत येणे सोडतो, पत्नीपासून आकडे लपवतो, आणि पॉलिसीवर लिहिलेल्या रकमेपेक्षा आपल्या जिवाची किंमत अधिक नाही, असा भयंकर विचारही त्याच्या मनात डोकावू शकतो. असा मनुष्य तुमच्या ओळखीत असेल तर त्याला उपदेश करू नका. त्याच्या घरी जा, त्याच्याजवळ बसा, हिशेबाची वही उघडायला त्याला मदत करा, वकिलाकडे त्याच्याबरोबर जा. तो मनुष्य तुम्ही स्वतः असाल, तर आज रात्री पत्नीला सारे खरे सांगा आणि उद्या आपल्या पाळकांकडे जा. बॅटल क्रीकच्या त्या प्रार्थनामंदिरात गाणाऱ्यांना ठाऊकही नव्हते की जिन्यावरून कोण उतरत आहे. दार उघडे होते, एवढेच त्या मनुष्याला पुरले. आपल्याही मंडळीचे दार अशा मनुष्यासाठी उघडे असावे.